आया क्या?

आमच्या घरात 'आया क्या?' हा प्रश्न साडेसहा वर्षं दोन गोष्टींबद्दल विचारला जात होता. एक म्हणजे धाकट्या भावाची शिक्षक भरती. दुसरी म्हणजे ऑस्ट्रेलियात तयार होत असलेला एक व्हिडिओ गेम. अम्मीने विचारलं तर भरती, धाकट्याने विचारलं तर गेम, असा साधा हिशेब होता. अब्बा विचारायचे तेव्हा मात्र अंदाज लागायचा नाही. त्यांच्या लेखी दोन्ही सारखंच होतं. कुठेतरी लांब, न दिसणाऱ्या माणसांच्या हातात अडकलेलं काम.

त्यातला गेम ४ सप्टेंबर २०२५ रोजी आला. भरतीचं पुढे सांगतो.

गेमचं नाव 'हॉलो नाइट: सिल्कसाँग'. व्हिडिओ गेम म्हटल्यावर बंदुका आणि गाड्या डोळ्यासमोर येत असतील तर त्या बाजूला ठेवा. हे किड्यामुंग्यांचं जग आहे, हाताने काढलेल्या चित्रांचं. पहिला भाग 'हॉलो नाइट' २४ फेब्रुवारी २०१७ ला आला होता. त्यात एक छोटासा, न बोलणारा शिपाई हातात खिळ्यासारखी तलवार घेऊन जमिनीखालच्या एका उजाड राज्यात उतरतो. राज्याचं नाव हॅलोनेस्ट. वाटेत जुने रस्ते, ओस पडलेली शहरं, पावसात भिजणारी एक नगरी, आणि बसायला अधूनमधून एखादा बाक. बाकावर बसलं की प्रवास जिथवर झाला तिथवर जपला जातो. मेलात तर पुन्हा त्या बाकापासून सुरुवात.

आम्ही हा गेम २०१८ च्या एका सेलमध्ये अगदी स्वस्तात घेतला. जुन्या लॅपटॉपवर तो चालायचा, पंखा मात्र गिरणीसारखा आवाज करायचा. मी दिवसभर छापखान्यात डीटीपीचं काम करायचो. धाकटा डी.एड. करून बसलेला. रात्री जेवणं झाली की एक प्राणी मी मारायचा, एक त्याने, अशी पाळी ठरलेली. मागे अब्बा आडवे होऊन बघायचे आणि मध्येच म्हणायचे, "इतना सुंदर बनाया है, और तुम लोग मारतेच जा रहे."

गेम बनवणारे कोण हे शोधलं तेव्हा आश्चर्य वाटलं. ॲडलेड शहरातली टीम चेरी नावाची इवलीशी मंडळी. एरी गिब्सन चित्रं काढणारा, विल्यम पेलेन गेमची रचना करणारा, आणि बरोबर बोटांवर मोजता येतील इतके जण. संगीत ख्रिस्तोफर लार्किनचं. २०१३ मध्ये एका स्पर्धेसाठी थोडक्या दिवसांत केलेल्या छोट्या गेममधून या शिपायाची कल्पना निघाली. २०१४ च्या अखेरीस त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले. मागणी ३५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरची होती, जमले ५७ हजारांहून थोडे अधिक. वर्गणी एका ठरावीक रकमेच्या पुढे गेली तर दुसरं एक पात्र घेऊन खेळता येईल, असं वचन त्यांनी दिलं होतं. ते पात्र म्हणजे हॉर्नेट. लाल झगा, हातात सुई, सुईला रेशमाचा धागा.

सिल्कसाँग हे त्या वचनाचंच वाढलेलं रूप. १४ फेब्रुवारी २०१९ ला टीम चेरीने जाहीर केलं की हॉर्नेटचा भाग जोडपत्र म्हणून मावत नाही, तो स्वतंत्र गेम होतोय, आणि जुन्या वर्गणीदारांना तो फुकट मिळेल. त्या जूनमध्ये तो अमेरिकेतल्या मोठ्या प्रदर्शनात खेळूनही दाखवला गेला. समोर चालू असलेला गेम बघितल्यावर कुणालाही वाटेल की आता वर्षभरात येईल. आम्हालाही तसंच वाटलं. वही काढून धाकट्याने पैसे साठवायला सुरुवात केली.

मग आला लॉकडाऊन. मग वर्षामागून वर्ष.

या काळात जगभरच्या चाहत्यांनी जे केलं त्यावर एक वेगळा लेख होईल. कुठलाही मोठा गेमचा कार्यक्रम जाहीर झाला की सगळे म्हणायचे, यात नक्की येणार. कार्यक्रम संपायचा, गेमचं नाव निघायचं नाही, आणि लोक स्वतःचेच विदूषकाचा रंग फासलेले चेहरे टाकायचे. एका तरुणाने यूट्यूबवर रोज एक व्हिडिओ टाकायला घेतला, सिल्कसाँगची आज काही बातमी आहे की नाही एवढंच सांगणारा. बहुतेक दिवशी बातमी एकच: आज काही बातमी नाही. तरी लोक बघायचे. धाकटा तो व्हिडिओ बघून झोपायचा. मी एकदा विचारलं, रोज तेच ऐकून काय मिळतं? तो म्हणाला, "कम से कम कोई रोज सामने आके बोलता तो है कि नहीं आया."

त्या वाक्याचा रोख गेमवर नव्हता, हे मला तेव्हाच कळलं होतं.

भरतीचं असं होतं. धाकट्याने पात्रता परीक्षा दिली, पास झाला. मग भरती होणार अशी बातमी आली. मग जाहिरात येणार अशी बातमी. मग जागा किती याचे वेगवेगळे आकडे. मग कोर्ट, मग आचारसंहिता, मग पोर्टल बंद, मग पोर्टल सुरू. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी माइकसमोर उभं राहून लवकरच म्हणायचं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रात्री दोन वाजता पीडीएफ फिरायच्या, त्या खऱ्या की खोट्या यावर पहाटेपर्यंत वाद. वयाची अट मात्र आपल्या गतीने जवळ येत होती. शेवटी एका फेरीत त्याचं नाव आलं, प्रतीक्षा यादीत. अम्मीने पेढे आणले. प्रतीक्षा यादी म्हणजे काय हे तिला समजावून सांगायची हिंमत आम्हा दोघांनाही झाली नाही.

म्हणून त्या वर्षांत मी उशिराचा विचार फार केला. सगळे उशीर एका जातीचे नसतात. हे मला पुस्तकातून नाही, अब्बांच्या कामावरून समजलं.

आम्ही मिरजेचे. अब्बा सतारमेकर गल्लीत कारागीर. मिरजेत हा धंदा साधारण पावणेदोनशे वर्षांपूर्वी शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन यांनी सुरू केला. तलवारींना धार लावणारे हात सतारीकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा गल्लीला अभिमान आहे. सतारीचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. तो पूर्ण वाळल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही. कच्च्या भोपळ्याचा साज पहिल्या पावसाळ्यातच तोंड वासतो. लाकूड, जोडणी, कोरीव काम, पॉलिश सगळं झालं तरी शेवटी जवारी राहते. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीला कानाने ऐकत ऐकत कानस मारायची. एक फटका जास्त बसला तर आवाज मरतो. जवारी एका तासातही लागते आणि चार दिवसांतही लागत नाही. का, ते अब्बांनाही सांगता येत नाही.

गिऱ्हाइकांचे फोन यायचे. पुण्याहून, धारवाडहून, एकदा कॅनडाहून. अब्बा प्रत्येक फोन उचलायचे. "साहेब, अजून बोलत नाही तो. बोलायला लागला की मीच कळवतो." काही जण चिडायचे. अब्बा ऐकून घ्यायचे, पण साज पाठवायचे नाहीत. मी लहानपणी विचारलं होतं, एवढं ऐकून घेण्यापेक्षा देऊन का टाकत नाही? ते म्हणाले, "देर की गाली एक बार खाना पडती है, खराब माल की गाली उम्रभर."

ऑगस्ट २०२५ मध्ये गिब्सन आणि पेलेन यांनी ब्लूमबर्गला मुलाखत दिली तेव्हा मला हेच वाक्य आठवलं. एवढी वर्षं लोक तर्क करत होते. भांडण झालं असेल, पैसे संपले असतील, कोड बिघडला असेल, माणूस आजारी असेल. त्यांनी सांगितलेलं कारण यातलं एकही नव्हतं. काम कधीच अडकलं नव्हतं, त्यांना ते करताना मजा येत होती. गिब्सनने सांगितलं की सुचलेलं प्रत्येक चित्र गेममध्ये जात होतं, आणि आपण रेखाटणं थांबवलं नाही तर याला पंधरा वर्षं लागतील हे लक्षात आल्यावर त्याला स्वतःला आवरावं लागलं. पहिल्या गेमच्या दीड कोटी प्रती विकल्या गेल्या होत्या. मागे कुणी सावकार नव्हता, भागधारक नव्हते, तारीख ठरवणारा साहेब नव्हता. अशी मोकळीक फार कमी कारागिरांच्या नशिबी असते. बहुतेक छोट्या गेमकारांची अवस्था आमच्या गल्लीसारखीच. पुढच्या महिन्याचं भाडं मालाच्या विक्रीतून निघणार, त्यामुळे कच्च्या भोपळ्यावर काम उरकायचा मोह कायम समोर. टीम चेरीने तो मोह टाळला याचं कौतुक करताना त्यांना तो टाळणं परवडलं, हेही सांगायला हवं.

आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूने. एवढी मागणी असताना त्यांनी आगाऊ नोंदणीचे पैसे घेतले नाहीत. २०१४ चे वर्गणीदार सोडले तर वाट बघणाऱ्या कुणाचा एक रुपयाही त्यांच्याकडे अडकलेला नव्हता. बयाणा न घेता लावलेला उशीर आणि माणसाची उमेदीची वर्षं बयाण्यात घेऊन लावलेला उशीर, यांची तुलना होत नाही.

तरीही माझी त्यांच्यावर एक तक्रार आहे, आणि ती गेम आवडल्यानंतरही गेलेली नाही. त्यांनी फोन उचलला नाही. जून २०२२ मध्ये एक्सबॉक्सच्या कार्यक्रमात सिल्कसाँग दिसला आणि दाखवलेले सगळे गेम बारा महिन्यांत खेळायला मिळतील असं सांगितलं गेलं. रात्री साडेदहाचा कार्यक्रम, आम्ही दोघं टाळ्या वाजवत होतो. मे २०२३ मध्ये छोटी सूचना आली की गेम बराच मोठा झालाय, अजून वेळ लागेल. त्यानंतर जवळपास शांतता. मुलाखतीत त्यांचं म्हणणं असं की सांगण्यासारखं एवढंच होतं की काम चालू आहे, आणि तेच तेच सांगून लोकांना वैताग आणण्यात अर्थ नव्हता. हा विचार प्रामाणिक असेल. पण वाट बघणाऱ्याला 'काम चालू आहे' हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलं तरी शिळं होत नाही, हे त्या रोज व्हिडिओ टाकणाऱ्या पोराला कळलं होतं आणि अब्बांना कळलं होतं.

गंमत बघा. ॲडलेडमध्ये काम चालू होतं आणि बोलणं बंद होतं. आमच्या भरतीचं बोलणं रोज चालू होतं आणि काम बंद होतं. बाहेरून बघणाऱ्या माणसाला दोन्हींत फरक करता येत नाही. दोन्हींकडे तो फक्त बंद दाराकडे बघत बसतो.

ईदच्या चाँदची वाट आपण दरवर्षी बघतो. गच्चीवर गर्दी, कुणी म्हणतं दिसला, कुणी म्हणतं ढग आहे, कमिटीचा निरोप येईपर्यंत शीरखुर्म्याचं दूध आणायचं की नाही यावर बायकांची चर्चा. त्या वाट बघण्यात गोडवा आहे. कारण आज नाही दिसला तर उद्या ईद नक्की, तीस रोजांच्या पुढे कुणी नेऊ शकत नाही. सब्र करा असं सांगणं सोपं असतं, पण सब्रलाही एक काठ लागतो. काठ दिसत नसेल तर निदान पलीकडून कुणाची तरी हाक लागते.

शेवटचं वर्ष तर वेड्यासारखं गेलं. जानेवारी २०२५ मध्ये पेलेनने आपला फोटो बदलून केकचा लावला. लोकांनी तो केक कुठल्या पाककृतीचा आहे ते शोधलं, पाककृतीवरची तारीख शोधली, ती २ एप्रिल निघाली, आणि त्याच दिवशी निंटेंडोचा कार्यक्रम होता. टीमकडून सांगण्यात आलं की याला काही अर्थ नाही, पण गेम खरा आहे, काम चालू आहे आणि तो येणार आहे. लोक हिरमुसले. आणि २ एप्रिलला त्या कार्यक्रमात सिल्कसाँग खरोखरच काही क्षण दिसला, खाली लिहिलेलं २०२५. धाकट्याने मला फोन करून फक्त एक शब्द उच्चारला, "केक."

२१ ऑगस्टला तारीख आली. फक्त चौदा दिवसांनंतरची. मोठी गर्दी येणार हे ओळखून कितीतरी छोट्या गेमकारांनी आपल्या तारखा पुढे ढकलल्या. म्हणजे एकाचा उशीर संपला आणि दहाजणांचा सुरू झाला.

४ सप्टेंबरला आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला गेम खुला होणार होता. मिरजेत गणपतीचे दिवस, दुसऱ्या दिवशी ईद-ए-मिलाद, परवा अनंत चतुर्दशी. विसर्जन मिरवणुकांवर ताण नको म्हणून मुंबईत आणि इतरही ठिकाणी मुस्लिम मंडळींनी जुलूस आपणहून ८ तारखेवर नेला होता. हाही एक उशीरच. पण कुणासाठी, कशासाठी आणि किती दिवसांचा हे आधी सांगितलेलं असल्यामुळे त्याची कुणाला तक्रार नव्हती.

साडेसात वाजले आणि दुकानच कोसळलं. स्टीम उघडेना, निंटेंडोचं दुकान उघडेना, प्लेस्टेशनचंही तेच. वीस डॉलरच्या, मूठभर माणसांनी केलेल्या गेमसाठी जगातली सगळ्यात मोठी गेमची दुकानं आडवी झाली. पुढे एकट्या स्टीमवर एकाच वेळी खेळणाऱ्यांचा आकडा पावणेसहा लाखांच्या वर गेला. धाकटा तेव्हा कोल्हापूरला. सकाळी एका खासगी शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवतो, संध्याकाळी क्लासमध्ये. त्या वेळी तो सहावीच्या पोरांना अपूर्णांक शिकवत होता. त्याने रविवारपर्यंत गेमला हात लावला नाही. साडेसहा वर्षं थांबलोय, तीन दिवसांनी काय होतंय, म्हणाला.

गेम कसा आहे? पहिल्या गेममध्ये आपण खाली उतरतो, यात वर चढतो. हॉर्नेटला पिंजऱ्यात घालून फारलूम नावाच्या राज्यात आणलेलं असतं. वर शिखरावर एक गढी, आणि तिच्याकडे जाणारे हजारो भाविक किडे. कुणी थकून वाटेत बसलेले, कुणी वाटेतच मेलेले. त्या राज्याचं चलन म्हणजे माळेचे मणी. ज्या मण्यांवर देवाचं नाव घ्यायचं तेच मोजून द्यायचे. काही ठिकाणी तर बाकावर टेकायलाही मणी मोजावे लागतात. सुटे मणी मेल्यावर हातचे जाऊ शकतात, माळेत ओवले तर राहतात, पण ओवून घ्यायलाही मणीच लागतात. दमलेल्या माणसाला बसायचे पैसे लावणारी ती व्यवस्था बघून धाकटा हसला. म्हणाला, "भाई, इनकू भी फॉर्म की फी भरनी पडती."

गेम अवघड आहे. सुरुवातीचे काही शत्रू इतके कठीण होते की लोकांनी ओरड केली आणि टीमने पहिल्याच दुरुस्तीत त्यांतले दोन थोडे सौम्य केले. चिनी भाषांतरावरही मोठी नाराजी झाली. म्हणजे सात वर्षं कानस मारूनही एखादी तार बेसूर राहते. पण साज बोलतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रत्येक कोपऱ्यात कुणीतरी वेळ घालवलेला दिसतो. रस्त्यात भेटणारा, दोन वाक्यांपुरता एखादा किडासुद्धा स्वतःचं गाणं घेऊन आलेला असतो. अब्बांची नजर आता अधू झालीय, पण लॅपटॉपजवळ कान नेऊन त्यांनी संगीत ऐकलं आणि म्हणाले, "जल्दी में नहीं बनाया."

भरती अजून आलेली नाही. धाकट्याचं नाव अजून त्या यादीत आहे, आणि यादी अजून अधिकृतपणे जिवंत आहे की नाही हे सांगायला कुणी तयार नाही. अम्मीने विचारणं कमी केलंय. ते मला जास्त लागतं.

मागच्या महिन्यात मी त्याच्या क्लासवर गेलो होतो. फळ्याच्या कोपऱ्यात त्याने लिहिलं होतं: 'चाचणीचे पेपर मंगळवारी.' मंगळवारपर्यंत तपासून होतील का, मी विचारलं, कारण गठ्ठा मोठा होता. तो म्हणाला, "नाही झाले तर मंगळवारी वर्गात उभा राहून सांगतो की झाले नाहीत, आणि नवीन वार लिहितो. पण मंगळवार तसाच जाऊ देत नाही."